रॅक का कोसळतो? कोनाड्यापासून स्लॉटेड अँगलपर्यंत

आज आवाज थोडा घुमतोय ना? मी कराडला घरी आलेय आणि सामानाच्या खोलीत बसून रेकॉर्ड करतेय. समोर एक लोखंडी रॅक आहे, पाच फळ्यांचा. हा दुसरा. पहिला जूनमध्ये कोसळला. आणि तो मी लावला होता.

आधी ते सांगून टाकते, म्हणजे इतिहासाच्या भागात हा विषय कसा घुसला ते कळेल. मागच्या दिवाळीत बाबांनी रॅक आणला. जोडायला कोण? अर्थात घरातली इंजिनिअर. आता मी बी.टेक. असले तरी कॉम्प्युटरची. पाना शेवटचा हातात धरला तो पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये. तरी तासाभरात रॅक उभा केला. शेवटी एक पिशवी उरली. त्यात तळहाताएवढ्या त्रिकोणी पट्ट्या आणि मूठभर नटबोल्ट. मला वाटलं, जास्तीचे दिलेत. पिशवी माळ्यावर टाकली.

दुकानदारानं सांगितलं होतं, एका फळीवर १०० किलो आरामात. आम्ही पाचही फळ्यांवर मिळून २०० किलोसुद्धा ठेवलं नव्हतं. जूनमधल्या एका दुपारी आईनं ज्वारीचा डबा ओढला आणि अख्खा रॅक हळूच एका बाजूला झुकला, पत्त्यांचा बंगला झुकतो तसा, आणि आडवा झाला. आई दारात होती म्हणून वाचली. माझा चार वर्षांचा भाचा थोड्याच वेळापूर्वी तिथे खालच्या फळीवर गाडी चालवत बसला होता. आजीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी गेली. बाकी कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही.

बाबा तावातावानं दुकानात गेले. दुकानदारानं एकच प्रश्न विचारला : "साहेब, कोपऱ्याच्या पट्ट्या लावल्या होत्या का?"

तर मंडळी, आजचा भाग त्या पट्ट्यांचा आहे. पण सुरुवात आजीच्या वाड्यापासून करावी लागेल.

आजीच्या माहेरच्या वाड्यात रॅक नावाची गोष्टच नव्हती. सामान भिंतीत राहायचं. दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत. तिच्यात दिव्याला कोनाडा, भांड्यांना आणि कागदपत्रांना दारं असलेलं फडताळ, आणि धान्याला बळद. बळद म्हणजे भिंतीच्या पोटातच ठेवलेली पोकळी. वरून धान्य ओतायचं, खालच्या तोंडाचा बोळा काढला की हवं तेवढं बाहेर. ज्यांच्याकडे बळद नाही त्यांच्याकडे शेणामातीनं लिंपलेली कणगी. त्याहून जास्त माल असेल तर जमिनीखाली पेव. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पाण्याखाली गेली.

आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उतरंड. सगळ्यात मोठं मडकं खाली, त्यावर त्याहून लहान, असं करत वर एवढंसं गाडगं. मी लहानपणी ती नुसती शोभा समजायचे. पण नीट बघितलं तर सगळं वजन तळाशी, आणि मागे भिंतीचा कोपरा टेकायला.

या सगळ्या यादीत एक गोष्ट समान आहे. यातल्या कशालाही स्वतःच्या पायावर उभं राहावं लागत नव्हतं. बळदाला भिंत होती, पेवाला जमीन होती, शिंक्याला तुळई होती. घर सामानाला धरून ठेवत होतं.

इथे आपण लगेच "काय ते जुने दिवस" म्हणून हळवे होतो. थांबा जरा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारी. ज्या जाड, मातीत रचलेल्या दगडी भिंतींत कोनाडे आणि बळदं सामावायची, त्याच भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं जड धाबं झोपलेल्या माणसांवर आलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप मोठाच होता, पण इतके बळी जाण्याचं मोठं कारण घरांची बांधणी होती : गोल, न घडवलेले दगड, मधे माती, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकत्र बांधणारा लांब दगड नाही. ज्या बांधणीनं सामान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, ती बाजूनं धक्का बसल्यावर टिकली नाही. "बाजूनं धक्का" हे शब्द लक्षात ठेवा. रॅकची गोष्टही तिथेच अडते.

शहरात आणि मग गावात घराचा भार आरसीसीच्या खांबांवर आणि तुळयांवर गेला. भिंतीचं काम नुसतं आडोशाचं उरलं, आणि आडोशाला चार-सहा इंच पुरतात. चार इंचात कोनाडा कसा काढणार? भिंत पातळ झाली तसं सामान तिच्यातून बाहेर पडलं आणि जमिनीवर येऊन उभं राहिलं. १९२३ मध्ये गोदरेजनं लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात केली आणि पुढे आपल्याकडे लोखंडी कपाट म्हणजे गोदरेज असंच नाव पडलं. ते फडताळच आहे, फक्त भिंतीतून निघून चालत आलेलं. पण कपाटाला पाठ असते, दोन बाजू असतात, सगळीकडून पत्रा असतो. पत्र्याची पेटीच ती, सहजी वाकडी होत नाही. रॅकला यातलं काहीच नाही. चार पाय आणि आडव्या फळ्या.

बरं, कपाटात काय ठेवायचं ते ठरलेलं होतं : कपडे, दागिने, कागदपत्रं. धान्य आणि तेल कशात? तर डब्यात. आपल्या घरातला तो चौकोनी पत्र्याचा डबा आहे ना, त्याच्यामागे जागतिक राजकारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आशियात अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलचं रॉकेल निळ्या डब्यांतून यायचं. १८९२ मध्ये लंडनच्या मार्कस सॅम्युअलनं 'म्युरेक्स' नावाच्या टँकर जहाजातून सुएझ कालव्यामार्गे सुटं रॉकेल पाठवलं. डब्यांचा खर्च वाचला, म्हणजे स्वस्त पडणार, लोक आपापली भांडी घेऊन येतील, असा हिशोब. लोक आलेच नाहीत! कारण त्यांना रॉकेलइतकाच डबाही हवा होता. रिकाम्या डब्याची बादली व्हायची, पत्रा ठोकून छप्पर व्हायचं, साठवण व्हायची. शेवटी सॅम्युअलला पत्रा पाठवून पूर्वेकडेच डबे बनवून घ्यावे लागले. त्याचे डबे लाल. या धंद्यातून पुढे शेल कंपनी उभी राहिली.

चार गॅलनचा तो डबा तळाला साधारण साडेनऊ इंच चौरस आणि चौदा इंच उंच. आजचा पंधरा किलो तेलाचा डबा त्याचाच वंशज. म्हणून फळीची खोली किमान बारा इंच आणि दोन फळ्यांमधलं अंतर सोळा इंच तरी हवं, नाहीतर डबा आत जातो पण त्याचं झाकण उघडता येत नाही. आमच्याकडे हेच झालं होतं. म्हणून आई दर वेळी डबा पुढे ओढायची.

आता मूळ प्रश्नाकडे. भिंतीचा आधार नसताना उघडा सांगाडा उभा कसा ठेवायचा? हा प्रश्न सगळ्यात जोरात पडला तो ग्रंथालयांना. पुस्तकं म्हणजे भयंकर वजन. न्यूयॉर्कचं सार्वजनिक ग्रंथालय १९११ मध्ये उघडलं. त्याच्या पोटात लोखंडी मांडण्यांचे सात मजले आहेत, आणि त्या मांडण्यांच्या खांबांवर वरच्या अवाढव्य वाचनकक्षाची जमीन उभी आहे. परत ऐका. मांडणी खोलीत ठेवलेली नाही, खोलीच मांडणीवर ठेवलीय. शंभर वर्षांनी तिथल्या व्यवस्थापनानं त्या मांडण्या काढून जागा मोकळी करायची योजना आणली तेव्हा हा पेच पुढे आला. लेखक-वाचकांनीही मोठा विरोध केला, खर्चाचे आकडे वाढले, आणि २०१४ मध्ये योजना सोडून दिली. आजीच्या बळदाच्या बरोबर उलटी गोष्ट आहे ही, आणि मला फार आवडते.

पण त्या मांडण्या एकदा उभारल्या की कायमच्या. घरातला रॅक वेगळा. आज पाच फळ्या, उद्या चार, परवा घर बदललं. ही कल्पना ज्याच्याकडून आली तो माणूस म्हणजे दिमित्रियस कोमिनो. जन्म १९०२, सिडनी. घराणं ग्रीक. लंडनला येऊन इंजिनिअरिंग शिकला आणि पुढे छापखाना काढला. छापखान्यात कागद, खिळे, सुटे भाग यांसाठी सतत मांडण्या लागतात, आणि काम बदललं की त्या मोडाव्या लागतात. दर वेळी लाकूड आणि लोखंड भंगारात. याचा त्याला वैताग यायचा. त्यातून त्यानं काटकोनात वाकवलेली, ठरावीक अंतरानं लांबट खाचा पाडलेली पोलादी पट्टी बनवली. हवी तेवढी कापा, नटबोल्टनं जोडा, नको झालं की सोडवा. १९४७ मध्ये कंपनी सुरू केली, नाव डेक्सियन. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'उजवा'. तोच आपला स्लॉटेड अँगल.

तुम्ही म्हणाल, हे तर मेकॅनो झालं. बरोबर. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं ते खेळणं १९०१ मध्येच पेटंट केलं होतं. फरक खाचेत आहे. मेकॅनोत गोल भोकं असतात, भोकासमोर भोक आलंच पाहिजे. लांबट खाचेत बोल्ट थोडा सरकतो. घराची फरशी वाकडी असली, पट्टी जराशी चुकीची कापली गेली, तरी जुळतं. सामान्य माणसाला अचूक काम न करताही जोडता यावं, हा खरा शोध.

आणि इथेच ग्यानबाची मेख आहे. जो बोल्ट सरकू शकतो तो नंतरही सरकू शकतो.

चार पट्ट्यांचा चौकोन बोल्टनं जोडा आणि बाजूनं ढकला. तो तिरका होतो. एकही पट्टी वाकत नाही, एकही तुटत नाही, फक्त कोपरे फिरतात. आता त्रिकोण करून ढकला. पट्टी तुटेस्तोवर आकार बदलत नाही. माझ्या माळ्यावरच्या पिशवीत नेमके ते त्रिकोण होते. प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात एक लावला की सांधा फिरत नाही. फळी १०० किलो पेलायला तयारच होती हो. तिला पेलायची वेळच आली नाही. आईनं पुढून डबा ओढला आणि सांगाडा फिरला. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

पायांचं गणित त्याहून जुनं आहे. १७४४ मध्ये लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञानं दाखवलं की उभा, सडपातळ खांब दाबानं चिरडायच्या आधी बाजूला बाक येऊन मोडतो. हे प्लॅस्टिकच्या पट्टीवर बोट दाबून बघा, लगेच कळेल. खांबाची मोकळी लांबी अर्धी केली तर तो चौपट भार घेतो. लांबी मोकळी म्हणजे मधे कुठेही न बांधलेली. म्हणून मधल्या फळ्या नुसत्या टेकवायच्या नाहीत, चारही पायांना घट्ट बांधायच्या. उंच सामान ठेवायला मधली फळी काढून टाकणाऱ्यांनी हे विशेष ऐकावं. एक फळी काढली की पायाची मोकळी लांबी दुप्पट.

फळीचंही सांगते. तेवढ्याच वजनाला तीन फुटांऐवजी चार फुटांची फळी घेतली तर झोळ सव्वादोन पटीहून जास्त पडतो, कारण लांबीचा घन येतो. तीन फुटांचे दोन रॅक घ्या, सहा फुटांचा एक नको. आणि फळीची ताकद पसरलेल्या पत्र्यात नसते, ती खाली दुमडलेल्या कडेत असते. बोट घालून बघा. कड किती खोल आहे, आणि दोनदा दुमडलीय का एकदाच. लांब फळीखाली मधोमध एक आडवी पट्टी जोडलेली असेल तर आणखी चांगलं.

आता गेज. दुकानात गेलात की "ताई, हे अठरा गेज, ते बावीस गेज" सुरू होतं आणि आपल्याला वाटतं बावीस म्हणजे भारी. उलटं आहे. ही पद्धत तारेच्या कारखान्यांतून आली. तार बारीक करायला ती एकाहून एक लहान भोकांतून ओढत नेतात. जितक्या जास्त वेळा ओढली तितका आकडा मोठा आणि तार बारीक. ब्रिटननं १८८४ मध्ये याचं प्रमाण ठरवलं. आपण १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक स्वीकारलं, पण पत्र्याच्या दुकानात अजून व्हिक्टोरिया राणीच आहे. चौदा गेज म्हणजे २ मिलिमीटर, सोळा म्हणजे १.६, अठरा १.२, वीस ०.९, बावीस ०.७.

आकडा तोंडी सांगितला जातो, पत्रा डोळ्यांना सारखाच दिसतो, वर रंगाचा थर. मग ओळखायचं कसं? वजन करा. मी बॅग मोजायचा लटकता काटा घेऊन गेले. तीन फूट बाय पंधरा इंचाची, कडा इंच-सव्वा इंच दुमडलेली फळी वीस गेजची असेल तर तीन किलोच्या आसपास भरते. बावीसची सव्वादोन-अडीच. एका दुकानात "वीस गेज"ची फळी दोन किलोवर थांबली. काका हसले, मीही हसले, बाहेर पडले. पुढच्या दुकानातल्या मुलानं स्वतःहून काटा काढून दिला. पाय चौदा गेज, फळ्या वीस गेज, साडेसहा फूट उंच, पाच फळ्या, कोपऱ्याच्या पट्ट्यांसकट ४,६०० रुपये. पैसे कमी असतील तर माझं मत असं : फळ्यांत एक पायरी उतरा, पायांत आणि पट्ट्यांत उतरू नका. झोळ पडलेली फळी दिसते आणि बदलता येते. पाय सांगून मोडत नाही.

खालची फळी जमिनीपासून वीतभर वर ठेवलीय. यालाही इतिहास आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तो मांडवीत, बंदराजवळच्या धान्याच्या गोदामांच्या वस्तीत. उंदीर आणि पिसवांचा संबंध शास्त्रज्ञांनी पक्का करायला पुढे बरीच वर्षं गेली. धान्याखाली केरसुणी फिरली पाहिजे, एवढं तरी आपण त्यातून घेऊ शकतो. आमच्याकडे उंदराच्याच धास्तीनं पन्नास किलो गहू वरून दुसऱ्या फळीवर चढवला होता. उतरंड उलटी! आजीनं तेव्हाच म्हटलं होतं, "अगं, जड वर कुणी ठेवतं का?" तिला मी रॅकचं वेगळं असतं म्हणून सांगितलं होतं. आता गहू सगळ्यात खाली, घट्ट झाकणाच्या पिंपात. तेल आणि ज्वारी त्याच्यावर. वर पापड, कुरडया, रिकामे डबे, दिवाळीचा आकाशकंदील.

आणि शेवटी भिंत. वरच्या फळीच्या मागे दोन एल पट्ट्या, भिंतीत भोक पाडून, प्लग ठोकून, स्क्रूनं आवळल्या. मूल फळीला लोंबकळलं तरी रॅक पुढे येता कामा नये. आमची भिंत सहा इंची आहे, तिच्यात कोनाडा मावत नाही, पण दोन स्क्रू मावतात. हे करताना बाबांनी ड्रिल धरलं आणि मी पट्टी. आजी खुर्चीवर बसून बघत होती. म्हणाली, "म्हणजे शेवटी भिंतीलाच धरायचं की."

माळ्यावरच्या पिशवीतल्या जुन्या पट्ट्याही काढल्या. खाचा जुळल्या. त्या मागच्या बाजूला जास्तीच्या म्हणून लावल्या. आठवड्यानं सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे असतात, कारण भार आल्यावर सांधे बसतात. त्यातले तीन खरोखर सैल निघाले.

हा मागे धप्‌ आवाज आला तो ऐकलात? बाबा आहेत. या खोलीतून जाता-येता रॅकला एकदा खांद्यानं ढकलून बघतात. जुलैपासून रोज. चला, मला आता उठायला लागेल, आईला खालच्या पिंपातून गहू काढायचाय आणि मी वाटेत बसलेय.